चढाच्या गल्लीचे आकडे

आकडेमामांच्या थोरल्या मुलीची मुलगी पावलं टाकायला लागली, त्या वर्षीची गोष्ट. आकडेमामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाकून पाहिलं. सगळं शहर तिथे नळांच्या रेघांनी आखलेलं होतं. बहुतेक रेघा निळ्या होत्या. एकच तांबडी होती आणि ती लुकलुकत होती.

"ही कुठली गल्ली, ओळखलीत का मामा?" इंजिनिअरबाईंनी विचारलं.

ओळखायला काय वेळ लागतो? ब्याण्णव पायऱ्यांची, एकतीस घरांची चढाची गल्ली. शेवटच्या घरात त्यांची सख्खी थोरली बहीण, आक्का, राहत होती.

आकडेमामा तेवीस वर्षं पाण्याचे मीटर वाचत आले होते. दारापुढच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण उचलायचं, काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसायचा, आकडा वहीत उतरवायचा, पुढचं घर. ऑफिसात त्यांचं खरं नाव आता कुणाला आठवत नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या सगळ्या वह्या कॉम्प्युटरात भरल्या गेल्या. कुठल्या गल्लीला किती पाणी लागतं याचा हिशेब यंत्राने त्या आकड्यांवरून मांडला आणि कुठला व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवलं. शहरात पाणी वाया जायचं ते कमी झालं. बाईंचं कौतुक झालं, आणि बाईंनी भर बैठकीत आकडेमामांच्या वह्या उंच धरून दाखवल्या होत्या. चढाच्या गल्लीची वही तर खास. एकही खाडाखोड नाही, एकही डाग नाही.

बाकीच्या वह्यांवर चिखलाचे अंगठे उमटलेले होते, शाई ओघळलेली होती. ही एकच वही स्वच्छ का, हे त्या बैठकीत फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो खाली मान घालून टाळ्या ऐकत होता.

"आता गंमत बघा," बाई म्हणाल्या. "मागच्या पंधरवड्यात आपण वरचे जुने मीटर काढून नवे बसवले, स्वतःच आकडा कळवणारे. काढताना जुन्या मीटरचे फोटो घेतले. तुमच्या वहीपेक्षा प्रत्येक मीटर तीनशे-साडेतीनशे युनिट पुढे! एक घर नाही, एकतीसच्या एकतीस."

आकडेमामांनी टेबलाची कड धरली.

"मला वाटतं, हवेने फिरले असणार. उंचावर पाण्याआधी नळातून हवा येते ना, तिने मीटर नुसताच पळतो. म्हणजे वही बरोबर, मीटर चूक."

"पण नवे मीटर आहेत की आता," मामा कसेबसे म्हणाले. "ते सांगतील खरं काय ते."

"नवा मीटर किती पाणी आलं ते सांगतो. किती लागतं ते कसं सांगणार? ते जुन्या आकड्यांवरूनच कळायचं. शुक्रवारी पुढच्या वर्षभराचं वेळापत्रक पक्कं करायचंय. जुने मीटर मानायचे की तुमची वही, एवढंच मला सांगा. दर महिन्याला तुम्ही स्वतः वर जात होता ना?"

"हो."

शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

"मग मिटलं!" बाई हसल्या.

गुडघे सहा वर्षांपूर्वी गेले होते. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वतःची समजूत घातली, की एवढा एकच महिना. मागच्या आकड्यात आठ मिळवायचे, कुठे नऊ. जेवून झालं की ताटं उचलायची आणि त्याच टेबलावर वही उघडायची. पुढच्या महिन्यात गुडघा थोडा बरा होता, पण सवय लागली होती. वरच्या घरांत सुना आल्या, मुलं झाली, माडीवर खोल्या चढल्या. वहीतलं घर मात्र महिन्याला आठ युनिटच पीत राहिलं.

त्या दुपारी आकडेमामा कुणाला न सांगता चढाच्या गल्लीकडे निघाले. पंधराव्या पायरीला श्वास लागला. चाळिसाव्या पायरीवर त्यांना एक म्हातारा ओलांडून वर गेला, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. मग एक पोटुशी बाई, डोक्यावर कळशी. खालच्या चौकातल्या नळावरून लोक पाणी वाहत होते. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही, ते बरंच झालं.

शेवटून दुसऱ्या घरात शिवणकाम करणारी बाई राहायची. मशीन दारातच मांडलेलं. त्यांना पाहून तिने पाय थांबवला.

"अगबाई! आकडेमामा? आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"गुडघे दुखतात हो," मामा म्हणाले.

"आमचे बरे दुखत नाहीत!" तिने तोंडातली टाचणी काढून कापडात खोचली. "चाळीस मिनिटं पाणी. त्यातली पंधरा नळ नुसता फुसफुसतो. वर्ष झालं. अर्ज लिहून तयार होता आमचा, तीस घरांच्या सह्या झाल्या होत्या. एक तेवढी आक्कांची राहिली. आक्का म्हणाल्या, अर्ज कशाला, घरचाच माणूस आहे, मी सांगते त्याला. बसलो गप्प. दर महिन्याला विचारायचं, आणि त्यांनी म्हणायचं, सांगितलंय, बघतो म्हणालाय. आता गल्लीत लोक बोलायला लागलेत, की आक्का नुसत्या थापा मारतात, भावाला पाठीशी घालतात. विचारतेच तुम्हाला तोंडावर. सांगितलं होतं का त्यांनी?"

पलीकडच्या दारात आक्का उभी होती. सत्त्याहत्तर वर्षांची, पदर खोचलेला, हातात रिकामा कॅन. बहुधा खाली निघाली होती. तिने भावाकडे पाहिलं नाही. कॅनचं झाकण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

वर्षभर दर रविवारी ती ब्याण्णव पायऱ्या उतरून त्यांच्याकडे यायची. नातीची चालायची हौस, सुनेचं नोकरीचं, दुखण्याखुपण्याचं, सगळं बोलणं व्हायचं. पाण्याचा शब्द तिने एकदाही काढला नव्हता.

"सांगितलं होतं," आकडेमामा म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. समोरच्या दोन खिडक्यांतून माणसं डोकावली. "दर वेळी सांगितलं तिने. मीच आज-उद्या करत राहिलो."

"ऐका!" शिवणवाली खिडक्यांकडे पाहून म्हणाली. "आणि आपण त्या म्हातारीला बोल लावत होतो. धन्य आहे हो मामा तुमची. सख्ख्या बहिणीला या वयात पाणी वाहायला लावलंत?"

मामांनी मान हलवली. पलीकडून कुणी तरी म्हणालं, जनाची नाही निदान मनाची तरी. तेही त्यांनी उभं राहून ऐकून घेतलं. मग ते बहिणीच्या घरात गेले.

आक्काने पेला भरून पुढे केला.

"नको," ते म्हणाले.

"घे. चढून आलायस."

त्यांनी पेला घेतला. पेला खाली ठेवावा, तर एवढ्या लांबून आणलेलं पाणी टाकल्यासारखं होईल. ते तो तसाच हातात धरून बसले. याच घरात, याच फरशीवर, सव्वीस वर्षांचा घोडा झालेला असताना आक्काने त्यांना खडूने आकडे गिरवायला शिकवले होते. तोवर सहीच्या जागी अंगठा होता. आकडे आले म्हणून नोकरी लागली होती.

"खोटं कशाला बोललास?" आक्काने विचारलं.

"तू कशाला बोललीस?"

"मीटरच्या झाकणावर कुंडी ठेवली होती मी. तुळईचा तुकडा आडवा टाकून त्यावर, जड. तू पहिल्यांदा आला नाहीस त्या महिन्यात. म्हटलं, येईल तेव्हा सरकवेल. सहा वर्षं कुणी सरकवली नाही. परवा मीटर बदलायला आले त्यांनी सरकवली."

"मग मला म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर तुला कळलं असतं की मला ठाऊक आहे." तिने पदराने कपाळ टिपलं. "मग रविवारी तू माझ्या डोळ्याला डोळा कसा दिला असतास?"

आकडेमामा पाणी प्यायले. सगळं. मग रिकामा कॅन उचलला आणि तिने हात धरायच्या आत ते पायऱ्या उतरायला लागले. कॅन भरून वर आणायला त्यांना पाऊण तास लागला. सहा ठिकाणी बसले. शिवणवालीने मशीन थांबवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या ते इंजिनिअरबाईंच्या टेबलासमोर उभे राहिले. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत.

"जुने मीटर बरोबर आहेत, मॅडम. वही खोटी आहे. मी वर जात नव्हतो."

"कुठल्या महिन्यात?"

"सहा वर्षांत एकदाही नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ती स्वच्छ वही ओढून घेतली, दोन-चार पानं उलटली आणि मिटली. बैठकीत त्यांनी हीच उंच धरली होती.

"एवढ्या ओळी काढायच्या तर कारण भरावं लागतं," पडद्याकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मीटर नादुरुस्त, असंही लिहिता येतं. तुमची निवृत्ती पाच महिन्यांवर आली आहे."

"मीटर चांगले होते."

"मग काय लिहू?"

"मीटरवाचक गेला नाही, असं लिहा."

बाईंनी लिहिलं. एकतीस घरांचे सहा वर्षांचे आकडे पडद्यावरून पुसले गेले, त्याला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. जुन्या मीटरचे आकडे त्या जागी भरले. यंत्राने नवा हिशेब मांडला: दोन तास दहा मिनिटं. मामांना त्याच आठवड्यात नोटीस मिळाली, वह्या काढून घेतल्या आणि उरलेले पाच महिने त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. ऑफिसात आकडेमामा म्हणणं एकेकाने सोडून दिलं.

चढाच्या गल्लीत खरं काय झालं ते कधी पोचलं नाही. तिथे ते, ज्याने बहिणीचं ऐकलं नाही तो भाऊ, म्हणूनच राहिले. ते दर रविवारी वर जायचे, खिडक्यांतले टोमणे ऐकायचे, आणि आक्का काही सांगायला तोंड उघडू लागली की तिला डोळ्यांनी दटावायचे.

नवं पाणी नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपासून वर चढलं. त्यानंतर आक्काला कॅन घेऊन खाली उतरावं लागलं नाही. आक्का चार डिसेंबरला, सकाळी साडेसातच्या सुमारास, झोपेतच गेली.