आधी अर्थ बघ

दाजींच्या एका पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही. पत्र कसलं, पोस्टकार्डच होतं, आणि तेही अर्धं कोरं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलता येत नाही, त्यामुळे आमचं जे काही असतं ते कागदावरच असतं.

कार्डात लिहिलं होतं : ‘तूझी ताई चार दीवस तूझ्याकडे रहायला यायचं म्हणते. तीला आता बसची पायरी चढवत नाही. गाडी चालू असेल तर न्यायला ये. चालू होत नसेल तर आधी अर्थ बघ, मग कळव.’

मी छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दाजींच्या ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं वैर. तरुणपणी एकदा मी त्यांचं पत्र लाल शाईने तपासून त्यांनाच परत पाठवलं होतं. ते हसले आणि तेव्हापासून मला पंडित म्हणू लागले; ताई मात्र महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तर या कार्डातही माझी नजर सवयीने चुकांवरूनच फिरली. तूझी, दीवस, तीला. आणि या सगळ्यात ‘अर्थ’ हा जड जोडाक्षराचा शब्द, रफारासकट अगदी शुद्ध. मला वाटलं, हा शब्द त्यांनी विचार करून लिहिला आहे.

गाडी दाजींचीच. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ती मला देऊन टाकली. चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं, पण बॉनेट उघडणं हे काम कायम त्यांचं. माझ्याकडे आल्यावर वर्षभर ती निमूट चालली, आणि हे कार्ड यायच्या तीनच आठवडे आधी बंद पडली. किल्ली फिरवली की आतून ‘टक’ असा एकच आवाज यायचा आणि समोरचे दिवे मलूल व्हायचे. बस, पुढे काही नाही.

आता कार्ड पुन्हा वाचा. गाडी चालू होत नसेल, तर आधी अर्थ बघ. म्हणजे, बाबा रे, बहीण यायची म्हटल्यावर तुझी गाडी नेमकी बंद पडते, याचा अर्थ काय होतो ते आधी तुझं तूच बघ आणि मग आम्हाला कळव. मी ते असं वाचलं. दाजींसारखा सरळ माणूस इतकं तिरकस लिहील का, असं मनात आलं होतं. पण टोमणा बसला की तो तपासून बघायचं भान राहत नाही. बसला याचं कारणही होतं. माझ्याकडे पाहुण्यांसाठी एक पलंग आहे आणि त्यावर गेली कित्येक वर्षं पुस्तकं झोपतात. मागे दोनदा ताईने यायचं काढलं तेव्हा मी एकदा रंगकामाची आणि एकदा सर्दीची सबब सांगितली होती. मला माणसं नकोशी नसतात, पण ती घरात आली की हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही.

ताईचा फोन महिन्यातून एकदा यायचा. बरा आहेस ना, जेवतोस ना वेळेवर, एवढंच. यायचा विषय तिने एकदाही काढला नाही. तिचं मन दुखलं की ती अशीच वागते. लहानपणीही रागावली की ताटात जास्त नीट वाढायची. सहाव्या महिन्यातल्या फोनवर तिने फक्त जेवणाचं विचारलं. मला धसका बसला. पुढच्या महिन्यात कदाचित तेही विचारणार नाही.

हात बांधून मी बसलो नव्हतो. गाडीचं माहितीपुस्तक दोनदा वाचून काढलं, त्यात सतरा छपाईच्या चुका सापडल्या. बॅटरी दोनदा चार्ज करून आणली. दुकानदार म्हणाला, बॅटरी ठणठणीत आहे. एक गॅरेजवाला येऊन गेला. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं, किल्ली फिरवली, टक ऐकलं आणि सांगितलं की स्टार्टर गेला, तो काढायला निम्मं इंजिन उतरवावं लागेल, आणि काका, हिचे दिवस भरले आता. नक्की स्टार्टरच का, हे मला विचारायचं होतं. तो गेल्यावर अर्ध्या तासाने मी तो प्रश्न नीट शब्दांत मांडू शकलो.

मग माझा फ्रिज चावायला लागला. दाराला हात लावला की मुंग्या यायच्या. कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातून एक वायरमनबाई आल्या. पन्नाशीच्या, तोंडात सतत स्क्रू धरून बोलणाऱ्या. त्यांनी भिंतीतला प्लग उघडला, टेस्टर लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

“काका, अर्थ सुटलाय.”

मी उभ्या जागी खिळलो. “काय सुटलंय?”

“अर्थ. अर्थाची वायर. ही बघा हिरवी, लोंबतेय नुसती.”

“हा शब्द तुम्ही लिहिता कसा?”

त्यांनी तोंडातला स्क्रू हातात घेतला आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “लिहायचा कशाला? जोडायचा.”

मी आतून कार्ड आणून त्यांना दाखवलं. त्यांनी हात लांब करून ते वाचलं आणि, बरोबरच लिहिलंय की, गाडीचाही अर्थ असतो, असं म्हणाल्या. मी विचारलं, अर्थ म्हणजे इंग्रजीतली जमीन ना, मग गाडी तर रबराच्या चाकांवर उभी असते, तिला जमिनीचा काय संबंध? हा प्रश्न त्यांना आवडलेला दिसला. खाली बसूनच त्यांनी समजावलं की गाडीत जमिनीचं काम तिचं लोखंडच करतं. बॅटरीतून करंट एका तारेने जातो, काम करतो आणि लोखंडातून परत येतो. त्या लोखंडाला बॅटरीशी जोडणारी जाड तार म्हणजे गाडीचा अर्थ. ती ढिली झाली किंवा गंजली तर बॅटरी कितीही चांगली असो, गाडी नुसती टक करणार. “गेलेला करंट परत यायला नको का, काका?” गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही हं, असंही त्यांनी वर सांगितलं, फ्रिज शहाणा केला आणि गेल्या.

मी चपला घालून सरळ शेडमध्ये गेलो. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या वजा खुणेपासून निघालेली काळी तार बोटाने धरून चाललो, ओळ चुकू नये म्हणून मुद्रितावर बोट ठेवतात तसा. तार बॅटरीखाली वळून इंजिनाच्या अंगाला एका बोल्टवर संपत होती. बोल्ट दिसतच नव्हता; त्यावर पांढरट हिरवी पूड साचली होती. तारेच्या टोकाची कडी बोटाने हलवली तर ती गोल फिरली.

हेच कारण, असं मन म्हणालं, पण माझ्या मनाचा अनुभव मला चांगला नाही. सात महिन्यांपूर्वीही ते एका शब्दाबद्दल असंच खात्रीने बोललं होतं. म्हणून आधी परीक्षा घ्यायचं ठरवलं. डिकीत दाजींनी ठेवलेली लाल-काळी जाड तारांची जोडी होती, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करायला वापरतात ती. त्यातल्या काळ्या तारेचा एक चिमटा बॅटरीच्या वजा टोकाला लावला, दुसरा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. गाडी न्यूट्रलला आहे ना, हे तीनदा पाहिलं. चोक ओढला आणि किल्ली फिरवली.

इंजिन घुसळायला लागलं. मी इतका दचकलो की किल्ली सोडून दिली.

नंतर मी जे केलं ते दाजींनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, पंडिता, चालू झाली ना, मग चल की. मी चिमटा काढला. किल्ली फिरवली : टक. चिमटा लावला : घुर्रर्र. पुन्हा काढला, टक. चार वेळा असं केलं. शेवटी शेवटी परीक्षा संपली होती आणि मी नुसता खेळत होतो, हे कबूल करतो. एवढं मोठं धूड, आणि ते एका बोटभर कडीसाठी अडून बसलं होतं. ही गंमत कुणाला तरी सांगावी असं फार वाटलं, आणि सांगण्यासारखी दोनच माणसं डोळ्यांसमोर आली.

बॅटरीच्या तारा सोडवून पॉलिश पेपरने बोल्ट आणि कडी चकचकीत होईपर्यंत घासली. त्यालाच दुपार गेली. बोल्ट पान्याने घट्ट आवळला, तारा परत जोडल्या, काळी तार डिकीत टाकली. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली आणि शेड धुराने भरली.

मग उत्तर लिहायला बसलो. याआधीचे पाच मसुदे टेबलाच्या खणात होते, सगळे शुद्ध आणि सगळे खुलाशांनी भरलेले. या वेळी कार्डच घेतलं, म्हणजे लांबण लावायला जागाच नको. ‘दाजी, अर्थ ढिला होता, आवळला. गाडी चालू आहे. तुमचा शब्द मी भलताच वाचला आणि सात महिने तुमच्यावर रुसून बसलो. ताईला सांगा, मी जो अर्थ वाचला तो तुम्ही लिहिला नव्हता, पण तो अगदीच खोटाही नव्हता. गाडी बंद पडली तेव्हा मला थोडं हायसं वाटलं होतं. आता वाटत नाही. येत्या रविवारी सकाळी न्यायला येतो. चार दिवसांची बोली नको, तिला वाटेल तितकं राहू दे. पलंग रिकामा करतो आहे.’

पुन्हा वाचल्यावर एका वेलांटीबद्दल शंका आली. ती तशीच राहू दिली.

टपालपेटीपर्यंत गाडीनेच गेलो. इंजिन बंद करायचा धीर झाला नाही, म्हणून ते तसंच फुरफुरत ठेवून, दार उघडं टाकून उतरलो आणि कार्ड पेटीत टाकलं.