शालूचा निरोप

जयपूरला कारखानिसांच्या घरी फोन वाजला की उचलायचे वसंतरावच. गेली दहा वर्षं हाच रिवाज होता आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. सुनंदाबाईंना चाळिशीतच ऐकायला कमी येऊ लागलं आणि पन्नाशी गाठेपर्यंत दोन्ही कान जवळजवळ बसले. कानामागे जुनं यंत्र होतं, पण ते सगळंच मोठं करायचं. कुकरची शिट्टी, कूलरची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी माणसाचं बोलणं. फोन कानाला लावला तर यंत्र कुईं करून किंचाळायचं. म्हणून फोन वसंतरावांनी घ्यायचा आणि ठेवल्यावर बायकोसमोर येऊन, ओठ नीट हलवत, काय झालं ते सांगायचं.

"काय म्हणाली?" सुनंदाबाई विचारायच्या.

"मजेत आहे म्हणाली."

दहा मिनिटांच्या फोनचं एवढंच व्हायचं. दमत असतील, असं सुनंदाबाई मनाशी म्हणत. एकेक वाक्य तीन-तीनदा सांगायचं म्हणजे कुणीही दमेल. नवरा आपल्यासाठी इतकं करतो याचं उलट त्यांना ओझंच वाटायचं.

त्यांची धाकटी बहीण शालिनी कऱ्हाडला होती. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा शामराव हृदयविकाराने अचानक गेला. त्या दिवशी फोन ठेवून वसंतराव म्हणाले, "इतक्यात येऊ नका म्हणतेय. सासरच्या माणसांनी घर भरलंय. तुला त्या गर्दीत काही कळायचं नाही." सुनंदाबाई दिवसभर रडल्या, मग त्यांनी चार ओळींचं पत्र टाकलं आणि उत्तराची वाट पाहत राहिल्या. उत्तर आलं नाही. महिन्याने त्यांनी विचारलं तेव्हा वसंतराव म्हणाले, "दोन शब्द बोलली नि ठेवला." नंतर सुनंदाबाईंनी विचारणंच सोडलं. दोघी एका पांघरुणात निजलेल्या बहिणी, पण दुःखात माणूस बदलतं, त्यांनी स्वतःची समजूत घातली. समजूत काही पटली नव्हती.

२००९ची दिवाळी झाली आणि मुलीने, अनुयाने, आईच्या कानांचं मनावर घेतलं. अनुया जयपुरातच वाढलेली, मधली दोन वर्षं पुण्यात शिकून आता सीतापुऱ्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. "आई, नवीन मशीन आलंय, वायरलेसवालं. मतलब, मोबाइलचा आवाज डायरेक्ट तुझ्या कानात!" असं म्हणत तिने आईवडिलांना गाडीत घातलं आणि सिविल लाइंसमधल्या एका दवाखान्यात नेलं.

तिथल्या कीर्ती माथुर नावाच्या तरुण तज्ज्ञबाईंनी चिंचोक्याएवढी दोन यंत्रं सुनंदाबाईंच्या कानांत बसवली आणि गळ्यात एक पट्टी अडकवली, पुढे लॉकेटसारखी डबी असलेली. "आंटीजी, ये दोनों मशीनें आपस में बात करती हैं," त्या म्हणाल्या. एकाचा आवाज वाढवला की दुसऱ्याचा आपोआप वाढणार. गोंगाट मागे ढकलून समोरच्याचं बोलणं ती पुढे आणणार. आणि मोबाइलचा आवाज बिनतारी या डबीत येणार, डबीतून दोन्ही कानांत. फोन दहा पावलांवर असला तरी चालेल. वाजला की डबीवरचं बटन दाबायचं आणि बोलायचं. सुनंदाबाईंचा स्वतःचा मोबाइल नव्हता, म्हणून सध्यापुरती डबी वसंतरावांच्या फोनशी जोडून दिली.

पहिले चार दिवस नवलाईत गेले. आपल्या बांगड्या वाजतात हे सुनंदाबाई विसरूनच गेल्या होत्या. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी ओरडला की त्या पिशवी घेऊन दारात. अनुयाचा आवाज आपल्या आईसारखा, थोडा घोगरा आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यांनी तिला मराठी पेपर मोठ्याने वाचायला लावला. ती अडखळत वाचत होती आणि या डोळे मिटून ऐकत होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी अनुया ऑफिसला गेली होती आणि वसंतराव आंघोळीला. सुनंदाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. कानात एकदम घंटी वाजू लागली. फोन दिवाणखान्यात चार्जिंगला होता. त्यांनी ओल्या हातानेच डबीवरचं बटन दाबलं.

"भाऊजी, मी शालिनी. ठेवू नका, एकच सांगते." आवाज इतका जवळून आला, जणू शालू पाठीला टेकून बसली होती. "राघवचं लग्न ठरलंय, मार्गशीर्षात. ताईला माझ्यावर राग असेल तर असू दे. शामरावांच्या वेळी नाही आली, मी गिळलं ते. तुम्ही म्हणालात तिला यायचं नाही, आग्रह करू नका, मी केला नाही. पण पोराला एकच मावशी आहे हो. या वेळी तरी तिला सांगा. पाया पडते तुमच्या."

सुनंदाबाईंच्या हातातली जुडी परातीत पडली.

"शालू," त्या म्हणाल्या.

त्यांनी डबी तोंडाशी धरली.

"शालू, मी बोलतेय. मला ऐकू येतंय."

शालिनीच्या रडण्याचा आवाज दोन्ही कानांत भरून राहिला. हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. शालिनीने ताईला येऊ नको असं कधीच म्हटलं नव्हतं. सहा महिने राहायला ये, असा निरोप तिने चारदा दिला होता. तेराव्यापर्यंत ती दाराकडे बघत होती. आणि माणूस गेल्यावर सख्ख्या बहिणीने चार ओळींचं पत्र टाकलं, म्हणून तिने उत्तर लिहिलं नव्हतं.

न्हाणीघराची कडी वाजली तशी सुनंदाबाई म्हणाल्या, "मी येतेय लग्नाला. बाकीचं नंतर बोलू," आणि बटन दाबलं.

त्यांनी मेथी चिरली, भाकऱ्या थापल्या, पान वाढलं. वसंतराव जेवायला बसल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, "शालूचा फोन येतो का हो हल्ली?"

वसंतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "दिवाळीला आला होता की. मजेत आहे. घाईत होती जरा."

ओठ रोजचेच होते, पण आज त्यांच्याबरोबर आवाजही येत होता. 'घाईत'च्या आधी किंचित अडखळलेला, शेवटाला खाली घसरलेला. अनुया लहानपणी अभ्यास झाला म्हणून सांगायची तेव्हा असाच घसरायचा. सुनंदाबाईंना वाटलं, हा आवाज दहा वर्षं असाच घसरत असणार आणि आपण नुसते ओठ बघत बसलो.

"तुम्ही आंघोळीला होतात तेव्हा तिचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "मी घेतला."

"तू? कसा?"

त्यांनी गळ्यातल्या पट्टीवर बोट ठेवलं. वसंतरावांचा घास हातातच राहिला.

"अगं, तसं नाही..."

"मग कसं? सांगा. आज एकदाच सांगितलं तरी पुरेल."

वसंतरावांनी घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "आधी नुसता कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? ऑफिसातून दमून यावं आणि सगळं तीनदा ओरडून सांगावं. म्हणून थोडक्यात सांगायला लागलो. शामराव गेला तेव्हा तिने तुला सहा महिन्यांसाठी मागितलं. अनुया पुण्याला शिकत होती. मी इथे एकटा काय करणार होतो? म्हटलं, दोन महिन्यांनी पाठवू. मग तिला जे सांगितलं होतं ते तुला कळेल, म्हणून ते तसंच राहिलं."

"तिला काय सांगितलं होतं?"

"की तुला यायचं नाही."

"माझ्या तोंडी घातलंत." सुनंदाबाईंचा आवाज चढला नाही. "बहीण विधवा झाली आणि तिला यायचं नाही, असं माझ्या तोंडी घातलंत."

सुनंदाबाईंनी भाकऱ्यांवर झाकण ठेवलं.

"आणखी कोणाकोणाला?"

"कोणाला नाही."

आवाज पुन्हा घसरला. सुनंदाबाईंनी तो ऐकला.

"माझी मैत्रीण नीलिमा, तिचे फोन का बंद झाले? शाळेतून कधी आला होता फोन? मी नोकरी सोडल्यावर?"

"एकदा आला होता," वसंतराव पुटपुटले. "मुख्याध्यापिकेचा. पेपर काढायला, तपासायला ये म्हणत होत्या. घरूनच. मला वाटलं तुला झेपणार नाही."

गणित शिकवायची ती नोकरी सुनंदाबाईंनी सतरा वर्षं केली होती. शेवटच्या दिवशी मुलींनी फळ्यावर गणितं लिहून त्यांना निरोप दिला होता आणि नंतर शाळेने नावही काढलं नाही, म्हणून त्या कितीतरी दिवस त्या रस्त्याने जात नव्हत्या. त्या उठल्या, दिवाणखान्यातून मोबाइल आणला आणि ताटाशेजारी ठेवला.

"शालूला लावा. माझ्यासमोर. स्पीकरवर."

"आत्ता? अगं, जेवून तरी..."

"आत्ता."

त्यांनी लावला. तीन वाक्यांत सांगायचं ते त्यांनी दहा वाक्यांत सांगितलं, दोनदा मध्येच थांबले, पण सांगितलं. पलीकडे शालिनीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "भाऊजी, माझे सासरे मला म्हणाले होते, तुझं माहेर संपलं. मी तीन वर्षं तेच धरून बसले होते." आणि फोन ठेवला. वसंतरावांनी डोळे पुसले. सुनंदाबाईंनी त्यांचं ताट उचललं नाही.

अनुयाला संध्याकाळी कळलं. तिने बाबांना फक्त विचारलं, "का, बाबा?" आणि उत्तराची वाट न बघता गाडीची तिकिटं काढायला बसली. दोन तिकिटं, आईचं आणि स्वतःचं. "मी पण येतो," वसंतराव दारातून म्हणाले. "तुम्ही येऊ नका," सुनंदाबाई म्हणाल्या.

पुण्यापर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी. कऱ्हाडला स्टँडवर शालिनी उभी होती, केस पांढरे झालेली, वाळलेली. तीन वर्षांपूर्वी हे केस काळे असतील, ते पांढरे होताना आपण पाहिले नाहीत, सुनंदाबाईंच्या मनात आलं. कार्यालयात बँड होता, तरी शालिनी शेजारी बसून जे जे सांगत होती ते त्यांना कळत होतं. कुणीतरी विचारलं, भाऊजी कुठे आहेत? शालिनी काही सबब सांगणार तेवढ्यात सुनंदाबाई म्हणाल्या, "मी त्यांना आणलं नाही."

अनुया लग्नानंतर परतली; सुनंदाबाई दीड महिना राहिल्या. वसंतराव रोज संध्याकाळी शालिनीकडे फोन करायचे. कधी त्या घ्यायच्या, कधी वाजू द्यायच्या.

जयपूरला परतल्या तेव्हा थंडी कडक होती. वसंतरावांनी घर झाडून ठेवलं होतं आणि नीलिमाचा नवा नंबर कुठूनतरी मिळवून कागदावर लिहिला होता. सुनंदाबाईंनी कागद घेतला. घर चालू झालं, चहा झाला, पेपर आला. एका सकाळी वसंतराव खिडकीशी पाठमोरे उभे होते. तिकडेच तोंड करून, स्वतःशी बोलावं इतक्या हळू ते म्हणाले, "माफ केलंस का गं मला?"

"नाही," मागून सुनंदाबाई म्हणाल्या.

वसंतराव दचकून वळले. त्या डाळ निवडत होत्या.