पोरांना लागू नाही

"आमचा भुपेंद्र कुठी गेला?"

मुन्नालालजी खुर्चीतून अर्धे उठले होते. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या समाजभवनातल्या पडद्यावर मुलांची यादी वर सरकत होती आणि खुद्द अध्यक्षांचा मुलगा तिच्यात नव्हता. मी माउस सोडला. मनात म्हटलं, आता कळेल.

समाजातली लग्नं जुळवायची वेबसाइट आम्ही बनवत होतो. आम्ही म्हणजे गोंदियातल्या एका गाळ्यातले दोघं, मालक खुमेंद्रभाऊ आणि मी, हर्षिता. काम लहान असलं की गिऱ्हाइकाला वाटतं, सांगायला काय लागतं, तोंड तर आपलंच आहे. दर बैठकीत मागणी बदलायची. आधी म्हणाले, मुलींच्या माहितीत रंग टाका. मुलांचाही टाकू का, असं विचारलं तर सगळे हसले. मग 'गोरी' आणि 'सावळी' यांच्या मधे 'गव्हाळ' हवी झाली, कारण एका सदस्याची पुतणी तिथं अडकली होती. आठवडी बाजारात वांगी निवडणारी बाईसुद्धा याहून मर्यादेनं हात लावते. पण मी आपली लिहून घेत गेले.

गेल्या बैठकीत मुन्नालालजींनी फर्मान काढलं होतं, "ज्यायचं एकडाव लगन झालं, थे यादीत दिसाले नाही पायजे. इज्जतीचं काम आहे."

माझी मोठी बहीण रविता, मी तिला बाई म्हणते, त्या नियमात सरळ सापडत होती. तिचा नवरा कोहमाऱ्याजवळ ट्रकखाली गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सौंदडच्या शाळेत ती शिकवते. महिन्यापूर्वी घरात कोणाला न विचारता ती माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, "मायंबी नाव टाकजो त्यात." पुन्हा संसार करावासा वाटतो, हे तिनं पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं होतं.

म्हणून मी बैठकीत भांडले नाही. नियम अक्षरन् अक्षर तसाच टाकला. भुपेंद्रची बायको वर्षाच्या आत त्याला सोडून गेली होती, हे सगळ्या तालुक्याला माहीत. स्वतःच्या घरावर आलं की नियमच मागं घेतील, असा माझा हिशोब. दीडशहाणी म्हणतात ती मीच.

"काकाजी, त्याचं एकडाव लगन झालं ना," मी म्हटलं. "तुमचाच नियम आहे."

"थो पोट्ट्यायले कायले लावला?"

"तुमी 'ज्यायचं' म्हनलं होतं."

"अवो बाई, हे समजाची गोष्ट आहे. सांगा लागते का?"

महिला आघाडीच्या निर्मलाबाईंनी समोसा मोडला. "मरदाचं काही बिघडत नाही वो. बाईची गोष्ट अलग राह्यते."

"मंग नियमच काढून टाकते. सारेच दिसतीन."

"तसं नाही," मुन्नालालजी म्हणाले. "पोट्टे दाखव. पोट्ट्या नको."

"तं लिहून द्या. 'हा नियम फक्त मुलींना.' खाली सही करा."

लहान कामात ही एकच शिस्त आम्ही पाळायचो. बदल सांगितला की कागदावर सही घ्यायची, नाहीतर उद्या लोक कानांवर हात ठेवतात.

"असं लिहाचं राह्यते का?" मुन्नालालजी आवाज खाली आणून म्हणाले. "कोनी पेपरात छापलं तं?"

करायला लाज नाही, लिहायला आहे.

खुमेंद्रभाऊ हसत उठले. "अरे काकाजी, छोटासा तो चेंज है. बिना लिखापढी के हो जायेगा." त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि प्रोग्राममधे एक ओळ टाकली. गॉगल लावलेला भुपेंद्र पडद्यावर परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माझ्यापुढेही समोसा सरकवला. त्या माणसांच्या हातचं पाणीसुद्धा मला नको होतं.

घरी रविताबाई दारातच उभी होती. "दिसून राहिली का मी?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण खोटं ऐकून ऐकूनच मी आले होते. "नाही बाई. एकडाव लगन झालेल्या पोट्ट्या दाखवत नाही थे."

"अन् पोट्टे?"

"दाखवतेत."

तिनं दाराची कडी नुसतीच हलवून पाहिली. मग विचारलं, "मंग मायं नाव तिथं आहे का नाही?"

"आहे. पन झाकून आहे."

"झाकून नको ठेवू. काढूनच टाक."

मी लॅपटॉप उघडला. खरंच काढायचं का, असं त्यानं विचारलं. तिनं मला बाजूला सारलं आणि स्वतः बटण दाबलं. तिचं नाव गेलं, निळ्या साडीतला फोटोही गेला.

"थो फोटो तुयापाशी आहे ना?" ती पदर खोचत म्हणाली. "मायावाल्या मोबाइलवर पाठवजो. चांगला आला आहे."