सीझन संपल्यावर

पालझेसने टॅक्सीचे पुढचे दार उघडले आणि कुणी काही म्हणायच्या आत ती नामगेलच्या शेजारी बसून मोकळी झाली. दुखरे गुडघे हातांनी उचलून आत घेतले, माळ मांडीवर ठेवली आणि दार इतक्या जोरात ओढले की भिंतीवर ऊन खात बसलेले मांजर उठून गेले.

"आमाले, मागे ऐसपैस जागा आहे," यांगडोल म्हणाली.

"मग तू बस की ऐसपैस."

आमाले म्हणजे आई; यांगडोल तिची सून. पालझेसचा मुलगा नुरबू ट्रक चालवायचा. घाटात दरड कोसळली, त्यालाही आता सात वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. तेव्हापासून त्या घरात या दोघीच. नामगेल लेहचा टॅक्सीवाला. उन्हाळ्यात एकदा तो प्रवाशांना घेऊन जर्दाळू विकत घ्यायला आला होता. मग प्रवासी नसतानाही येऊ लागला. एका माणसाला किती जर्दाळू लागतात, एवढे पालझेसला कळत होते.

आता ऑक्टोबर सरत आला होता. प्रवासी गेले होते, टॅक्स्या रिकाम्या उभ्या होत्या. परवा यांगडोलने चुलीत शेणी सारता सारता सांगितले होते, नामगेल आपल्याला फिरवून आणतो म्हणतोय, ठिकसेचा गोंपा दाखवतो, लेहला जेवू घालतो. तिने मान वर केली नव्हती. पालझेसने फक्त विचारले होते, "दोघींना?"

"दोघींना," यांगडोल म्हणाली होती.

निम्मूच्या पुढे, संगमाच्या वळणावर नामगेलने गाडी बाजूला घेतली.

"काय झालं? बिघडली?"

"नाही आमाले. इथे सगळे उतरतात."

"कशाला?"

"बघायला. सिंधू आणि झंस्कार."

पालझेसने काचेतून खाली पाहिले. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या वळणावरून जात आली होती. ट्रकमधून, बसमधून, एकदा तर गाढवामागून चालत. थांबली मात्र कधीच नव्हती.

"पाणी बघायला लोक विमानाने येतात?"

"येतात. आणि इथे उभं राहून असे हात पसरतात." नामगेलने गाडीतल्या गाडीत हात पसरून दाखवले.

मागे यांगडोलला हसू फुटले. तिने ते तोंडावर रुमाल धरून दाबले. पालझेसने मागे वळून पाहिले नाही, पण तिला ते ऐकू आले.

"आलोच आहोत तर काढ माझा फोटो," ती उतरत म्हणाली. कठड्यापाशी ती ताठ उभी राहिली, हात अंगाशी धरून. वारा टोपीची कानपट्टी उडवत होता. खाली दोन्ही नद्यांचे पाणी हिरवेगार वाहत होते. कुठले कुठले ते ओळखू येत नव्हते.

ठिकसेला पोचेपर्यंत दुपार झाली. डोंगरावरच्या त्या मठाच्या पायऱ्या निम्म्याही चढून झाल्या नसतील, तोच पालझेसचे गुडघे बोलू लागले. ती भिंतीला टेकून बसली.

"मी उचलून नेऊ?" नामगेलने विचारले.

"मी काय पिठाचं पोतं आहे?"

मोठ्या मूर्तीच्या दालनाला कुलूप असेल, किल्लीवाले लामा कुठे आहेत ते बघते, असे म्हणून यांगडोल वर गेली. नामगेल तिच्यामागे निघाला, मग परत येऊन पालझेसच्या खालच्या पायरीवर बसला. खाली शेते कापून मोकळी झाली होती. पिवळ्या पडलेल्या विरीच्या झाडांच्या रांगेपलीकडे कुणीतरी एक मोठा भारा पाठीवर घेऊन सावकाश चालले होते.

"कुठला तू?" पालझेसने विचारले.

"नुब्राचा. घर थोरल्या भावाकडे आहे."

"आणि तुझ्याकडे?"

"ही गाडी आहे. लेहला एक खोली आहे भाड्याची. खोली म्हणजे... गाडीत जास्त जागा आहे."

पालझेसने माळेचे मणी पुढे सरकवले. सून गेल्यावर काय, हे तिने पुष्कळ दिवस मनात घोळवले होते. हिवाळ्यात पहाटे बर्फ फोडून पाणी आणायचे, गाय दोहायची, छतावरचा बर्फ ढकलायचा, आणि संध्याकाळी चुलीपाशी बोलायला कुणी नाही. तिने ठरवले होते की विचारायचे असेल तर आपणच विचारायचे, त्यांनी सांगेपर्यंत थांबायचे नाही.

"कधी नेणार तिला?"

नामगेलने खडा उचलून दोन बोटांत फिरवला. "नेणार नाही."

"मग माझ्या गाईला फिरवायला आणलंस?"

"मी तुमच्याकडे येईन म्हणतोय. घरजावई म्हणून."

"घरजावई मुलीच्या आईकडे येतो," पालझेस म्हणाली. "मी तिची आई नाही. मी नुरबूची आई."

"हो. म्हणून तर तुम्हाला विचारायचं होतं."

नामगेलने खडा खाली ठेवला.

"तिची एकच अट आहे," तो म्हणाला. "तुम्हाला एकटं सोडून ती कुठेही येणार नाही. मी म्हटलं, मग मीच येतो. मला शेतीतलं फारसं कळत नाही. पण बर्फ ढकलता येतो."

वरून यांगडोलची हाक आली. किल्ली मिळाली होती. पालझेसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठली. उरलेल्या पायऱ्या चढेपर्यंत तिने हात काढला नाही, आणि होही म्हटले नाही.

दालनात शिरल्या शिरल्या समोर मैत्रेय बुद्धाचा चेहराच होता, सोनेरी आणि प्रचंड. बाकीचा देह खालच्या मजल्यावर गेलेला. पालझेसने साष्टांग घालता येत नाही म्हणून कपाळ कठड्याला टेकवले. ती बराच वेळ तशीच राहिली. किल्लीवाले लामा दारात जांभई दाबत उभे होते, पण त्यांनी घाई केली नाही.

बाहेर आल्यावर तिला हलके वाटत होते. सगळे जमून येत होते. घर राहणार होते, सून राहणार होती, वर बर्फ ढकलायला एक माणूस येणार होता. जेवताना होकार द्यायचा, पोटात काही गेल्यावर, असे तिने ठरवले.

लेहच्या बाजारामागच्या गल्लीत चोरोलचे हॉटेल होते. चोरोल आणि यांगडोल एका शाळेतल्या. निम्म्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या होत्या. दोन-चार दिवसांत हॉटेल हिवाळ्यापुरते बंद होणार होते.

"आमाले, काय खाणार? पिझ्झा आहे, पास्ता आहे, स्क्यू आहे."

"स्क्यू?" पालझेस म्हणाली. "कणकेचे गोळे आणि सलगम? ते विकतेस तू?"

"सगळ्यांत जास्त तेच खपतं. दिल्ली-मुंबईची माणसं वाडगा चाटूनपुसून खातात."

"त्यांच्या घरी कुणी करत नसेल. मला मोमो दे."

"मग थोडं थांबावं लागेल. मदतीचा पोऱ्या गावी गेला."

यांगडोल आधीच उठली होती. बाह्या वर सारून ती काउंटरमागे गेली. अर्ध्या भिंतीवरून तिचे डोके आणि हात दिसत होते. चोरोल पाऱ्या लाटता लाटता मधूनच एखादा मोमो भरत होती आणि यांगडोल एकामागून एक चुण्या घालून मोमो ताटात मांडत होती. मीठ कुठे, पळी कुठे, तिने काही विचारले नाही. हात वर करून फळीवरचा डबा काढला आणि परत जागेवर ठेवला.

"तुझ्या मोमोंना बघ, पोट सुटलंय," ती चोरोलला म्हणाली.

"तुझ्यासारखे सुकडे करू?"

"सुकडी असेन, पण फुटत तरी नाही उकडताना!"

आणि यांगडोल हसली. तोंडावर रुमाल नव्हता, हात पिठाने भरलेले होते. मोठ्याने, मान मागे टाकून हसली. पालझेसचा पेला ओठांपाशीच थांबला. हे हसू तिच्या ओळखीचे होते. नुरबू ओसरीत बूट काढता काढता काहीतरी बोलायचा आणि आतून हे असे यायचे. ते घरातून कधी गेले, ते तिच्या ध्यानातच आले नव्हते.

नामगेल टेबलावरच्या चटणीकडे बघत होता.

मोमो आले. पालझेसने एक खाल्ला, दुसरा खाल्ला. यांगडोल दुसरी खेप उकडायला लावत होती. चोरोल चहा घेऊन आली तेव्हा पालझेसने तिचे मनगट धरले.

"ही इथे नेहमी येते?"

"बाजाराला आली की येते. तासभर हात लावते आणि पळते." चोरोलने आवाज खाली आणला. "मी कितीदा म्हटलं, आमाले, भागीत ये. वरची खोली रिकामी आहे, स्वयंपाकघरासकट. ती म्हणते, घर आहे."

"घर आहे म्हणते, की मी आहे म्हणते?"

चोरोलने पुसलेलेच टेबल पुन्हा पुसले.

पालझेसने चहा संपवला. लोण्याचा शेवटचा तवंग बोटाने टिपून घेतला. मग नामगेलकडे वळली.

"तू आमच्या घरी यायचं नाहीस."

नामगेलने मान खाली घातली. "बरं," तो म्हणाला. काउंटरमागे यांगडोलचे हात थांबले. वाफेतून तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"आणि तू," पालझेस चोरोलला म्हणाली, "ती वरची खोली दाखव मला."

जिना बाहेरून होता. गुडघ्यांना शिव्या देत ती एकेक पायरी चढली. मागे चोरोल, त्यामागे हात न धुताच आलेली यांगडोल. खोलीत उलटी ठेवलेली दोन टेबले होती. आतल्या स्वयंपाकघरात भिंतीशी शेगडी होती, तिचे धुराडे छताबाहेर गेले होते. खिडकी दक्षिणेला होती आणि तिच्यातून आलेले ऊन जमिनीवर दूरवर पसरले होते. पालझेसने तळवा भिंतीवर ठेवला, मग जरा सरकून दुसऱ्या जागी ठेवला. शेगडीचे झाकण काढून आत पाहिले.

"आमाले, आपलं घर?" यांगडोलने विचारले. "शेत?"

"आहे की तिथेच. शेत काय पळून जातंय?"

"तुम्ही एकट्या कशा..."

पालझेसने खांद्यावरची शाल काढली, दुहेरी करून उन्हाच्या तुकड्यात अंथरली आणि गुडघे सांभाळत तिच्यावर बसली. पाठ भिंतीला टेकवली. माळ हातात घेऊन डोळे मिटले.

जिन्यावर पावले वाजली आणि उंबऱ्याशी येऊन थांबली. नामगेल तिथेच उभा राहिला, हातात टोपी, एक पाय आत आणि एक बाहेर. त्याच्या मागून गल्लीतला गार वारा आत येत होता.

पालझेसने डोळे उघडले.

"असा काय उभा राहतोस?" ती म्हणाली. "आत ये आणि दार लाव. ऊब चाललीय सगळी."