एका मदरबोर्डला दोन जावई

"कॉम्प्युटर हल्ली फार रेंगाळतो गं," असं आई एका रविवारी चहा पिताना म्हणाली. म्हणाली ती मला. पण खोलीत तिचे दोन्ही जावई बसले होते, आणि सासूची अडचण दुसऱ्याच्या आधी दूर करणं हा दोघांच्याही आयुष्यातला एकमेव खेळ आहे. दोघांनी एकाच वेळी कप खाली ठेवले.

आई शाळांचे बिल्ले करते. गणवेशाच्या खिशावर शिवतात ते, भरतकामाचे. तिच्या घरी मागच्या बाजूला एक अरुंद खोली आहे. तिथे भरतकामाचं मशीन, कापायचं टेबल, भिंतभर रंगीत रिळं आणि कोपऱ्यात हा म्हातारा कॉम्प्युटर. शाळेचं चिन्ह त्यावर उघडायचं, कुठे कोणता टाका ते ठरवायचं आणि एका जाडजूड केबलमधून मशीनला धाडायचं. चिन्हात बारीक काम असलं की कॉम्प्युटर विचारात पडायचा. आई तेवढ्यात भाजी निवडून यायची. तिची तक्रार एवढीच होती की हल्ली भाजी निवडून, चिरून, फोडणीला टाकून झाली तरी त्याचा विचार संपत नाही.

माझा नवरा बँकेत ऑडिटर आहे. घरातही त्याला सगळे ऑडिटरच म्हणतात, कारण तो घरातही ऑडिटरच असतो. धाकट्या बहिणीचा नवरा दुकानं सजवून देतो, म्हणून तो डेकोरेटर. नात्याने हे दोघे साडू. बायको माणूस पारखून घेतो, साडू मात्र पदरात पडतो, आणि तो पदर कोणालाच झटकता येत नाही.

"आई, प्रोसेसर बदलावा लागेल," ऑडिटर म्हणाला. "मेंदू थकलाय."

"मेंदूचं काय घेऊन बसलात दादा?" डेकोरेटर म्हणाला. "सगळा सांगाडाच जुना झालाय. मदरबोर्डपासून सुरुवात करायला हवी."

"मला नवा नकोय," आई म्हणाली. "आहे तोच जरा पळाला तर..."

हे वाक्य कोणी ऐकलं नाही. दोघे तोवर आपापल्या फोनमध्ये शिरले होते.

पुढचा आठवडाभर ऑडिटरने तुलना केली. जेवताना तुलना, आंघोळीला जाताना तुलना. निम्म्या रात्री मला जागं करून त्याने सांगितलं नाही, एवढेच त्याचे उपकार. शेवटी एक प्रोसेसर त्याच्या सगळ्या चाळण्यांतून पार पडला. तो कोणत्या बोर्डावर बसणार, ही चाळणी मात्र राहून गेली, कारण बोर्ड हा डेकोरेटरचा विषय होता आणि डेकोरेटरला फोन करून विचारणं म्हणजे त्याचा सल्ला घेणं झालं असतं.

डेकोरेटरने तुलना वगैरे केली नाही. त्याने आधी डबा पसंत केला. तीन बाजूंनी काच, आत दिवे, दिव्यांचा रंग बदलायला वेगळा रिमोट. डब्याला शोभेल म्हणून पांढराशुभ्र मदरबोर्ड घेतला. पांढऱ्यावर दिवे खुलून दिसतात म्हणे. शाळेचे बिल्ले करणाऱ्या बाईला याची किती गरज असते, ते आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं.

पुढच्या रविवारी कापायच्या टेबलावर दोन्ही खोकी उघडली. ऑडिटरने प्रोसेसर चिमटीत धरला आणि बोर्डावरच्या चौकोनावर ठेवला. तो बसेना. फिरवून ठेवला. तरी बसेना. खालचा चौकोन आणि वरचा तुकडा एकमेकांच्या ओळखीचेच नव्हते. प्रोसेसर एका कंपनीचा होता आणि बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी केलेला.

"तुम्ही बोर्ड चुकीचा आणलात," ऑडिटर म्हणाला.

"बोर्ड बरोबर आहे. तुमचा प्रोसेसर चुकीचा आहे."

"प्रोसेसर घेऊन मग बोर्ड घेतात, अहो."

"घर बांधून मग माणसं राहायला येतात, दादा. आधी माणसं आणून कोणी भिंती मोजत नाही."

हे दोघे जितके चिडतात तितके एकमेकांशी आदराने बोलतात. त्या दुपारी तर आदराचा कहर झाला. शेवटी धाकटीने आपल्या नवऱ्याकडे आणि मी माझ्या नवऱ्याकडे असं काही पाहिलं की दोघांनी खोकी उचलली आणि दुकान गाठलं. गंमत म्हणजे दोघांचं दुकान एकच निघालं.

दुकानदार अजिबात ओशाळला नाही. "तुम्ही दोघं एकाच कॉम्प्युटरसाठी घेताय हे मला काय स्वप्नात दिसणार?" तो म्हणाला. "वेगवेगळ्या दिवशी आलात. आणि तुम्ही दोघंही मला विचारत नव्हता, सांगत होता."

प्रोसेसर बदलून मिळाला, बोर्ड तोच राहिला. डेकोरेटर जिंकला आणि रस्ताभर जिंकल्यासारखा चालत आला. ऑडिटरला आता कुठेतरी जिंकणं भाग होतं. ती जागा त्याला मेमरीत सापडली.

"नवी मेमरी कशाला?" तो म्हणाला. "जुन्या कॉम्प्युटरात आहे की. चांगली चालतेय. उगाच उधळपट्टी." आणि आई स्वयंपाकघरात असताना त्याने म्हाताऱ्याचा डबा उघडून मेमरीची पट्टी उपसली.

मेमरीच्या पट्टीला खालच्या कडेला एक खाच असते. बोर्डावरच्या फटीत त्याच जागी एक उंचवटा असतो. दोन्ही जुळले तर पट्टी जाते, नाही तर ती या बोर्डाची नाहीच. लहान मुलांच्या खेळण्यात त्रिकोणी ठोकळा गोल भोकात जाऊ नये म्हणून करतात तशीच ही सोय आहे. लहान मुलं एकदा पाहून ठोकळा बाजूला ठेवतात. ऑडिटर बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याने दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला.

कट्कन आवाज झाला. मी दारातच उभी होते.

"काय मोडलं?"

"काही नाही. बसत नाहीये," तो म्हणाला आणि पट्टी खिशात घातली. खिशातली वस्तू ही त्याच्या मते झालेलीच नसते.

नवी मेमरी आली. डेकोरेटरने ती आणली आणि पावती ऑडिटरच्या समोर ठेवली. सगळं जोडून झालं, बटण दाबलं आणि मागच्या खोलीत कोणीतरी लग्नाचा हॉल उघडल्यासारखा उजेड पडला. जांभळा, हिरवा, गुलाबी. आईची पांढरी रिळंही रंगीत दिसू लागली. आता तिला दोऱ्याचा खरा रंग बघायला दिवे बंद करावे लागणार होते.

"छान आहे," आई म्हणाली. आई जावयांच्या बाबतीत फार सोशिक आहे. "आता याला मशीन जोडून द्या. शाळेचे बिल्ले शुक्रवारी द्यायचेत."

मशीनची केबल डेकोरेटरने हातात घेतली आणि नव्या डब्याच्या मागे वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. त्या केबलच्या टोकाला नऊ भोकांचा रुंद प्लग होता, आणि नव्या बोर्डाच्या पाठीवर तसल्या प्लगसाठी जागाच नव्हती. तसले प्लग जाऊन जमाना झाला होता. एका टेबलावर हे सगळं चाललं होतं आणि मशीन हातभर अंतरावर होतं. पण दोघांपैकी एकानेही वळून ती केबल कधी पाहिली नव्हती. तिला दिवे नव्हते आणि ती तुलनेतही नव्हती.

"जोडणारा तुकडा मिळतो," ऑडिटर म्हणाला. मिळत होता. तो आणला, मध्ये लावला आणि मशीन धडधडत सुरू झालं. दोघांचे चेहरे उजळले. बहुतेक दिव्यांनीच.

शाळेचं चिन्ह म्हणजे उघडं पुस्तक आणि त्यावर तेवणारी ज्योत. मशीनला टाक्यांचे आकडे पोचत होते, पण त्या जोडतुकड्यात मधेच एखादा गळत होता. पहिला बिल्ला तयार झाला तेव्हा ज्योत घसरून पुस्तकाच्या खाली गेली होती. ज्ञानाचा प्रकाश सोडा, कोणीतरी पुस्तकं जाळतंय असं दिसत होतं. दुसऱ्या बिल्ल्यात पुस्तकाचं एक पान बिल्ल्याबाहेर निघालं.

"राहू दे," आई म्हणाली. "मी आपली जुन्यावरच करते. रेंगाळत का होईना, करतो तरी नीट."

ऑडिटर खिडकीबाहेर बघू लागला. आईने जुन्याचं बटण दाबलं. त्याने एक लांब शिट्टी मारली, मग दुसरी. पडदा काळाच.

"मेमरी लावा ना परत," डेकोरेटर म्हणाला. "तुम्ही काढली होती ती."

ऑडिटरने खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून पट्टी. तिचा एक कोपरा जागेवर नव्हता.

माझी आई रागावून ओरडत नाही. ती जावयांना लग्नापासून अहो-जाहो करते, कधी चुकून एकेरीवर आलेली नाही. आता तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"अरे, तुम्हाला कळतंय का काय केलंत?" ती म्हणाली. ऑडिटरकडे वळली. "तू मोडलीस ते मोडलीस, लपवलीस कशाला रे?" मग डेकोरेटरकडे. "आणि तू. तुला दिवे सुचले. मी इथे बसून काय करते ते एकदा तरी विचारलंस? वीस वर्षं या शाळेचं काम करतेय. एकदा उशीर झाला की ते दुसरीकडे जातील. मग मी काय करू, तुमचे दिवे बघत बसू?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी एकही नव्हती. मी मागोमाग गेले नाही. त्या दोघांचं तोंड बघायला थांबले हे कबूल करायला हवं. दोन मोठे बाप्ये टेबलाच्या दोन टोकांना, मधे तो गुलाबी डबा, आणि रिमोट सापडत नाही म्हणून तो बंद करता येत नव्हता. धाकटीने शेवटी वायर ओढून काढली.

मग डेकोरेटर हळूच म्हणाला, "दादा, ती पट्टी द्या. टाकू नका."

"मोडलीय ती."

"असू दे. गिऱ्हाइकाच्या घरची फरशी फुटली तरी मी तिचा तुकडा घेऊनच दुकानात जातो. तोंडी सांगून कधी रंग जुळत नाही."

ऑडिटरने चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी डोळ्यांशी धरली आणि तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला सुरुवात केली. आयुष्यभर लोकांच्या पावत्या वाचून कमावलेली नजर अशी एकदाची कामी आली. मग त्याने म्हाताऱ्याच्या बोर्डावरचाही नंबर वाचला, केबल वाचली, हार्ड डिस्कची जोडणी वाचली. डेकोरेटर टेपने डब्यातली जागा मोजत होता. पहिल्याच रविवारी जे व्हायला हवं होतं ते आत्ता होत होतं, अर्थात माझ्या ते लक्षात आल्याचं मी बोलून दाखवलं आणि कोणाला आवडलं नाही.

मोडकी पट्टी आणि जुनी डिस्क बरोबर घेऊन दोघे एका स्कूटरवरून गेले. आधीच्या दुकानदाराने पट्टी पाहून हात जोडले, "हा माल आता ठेवत नाही." दुसऱ्याने खात्रीने एक पट्टी दिली. डेकोरेटरने मोडकी तिच्याशेजारी धरली तर नवी निम्मीच भरली, लॅपटॉपची होती ती. जुन्या सामानाच्या गल्लीत एका गाळ्यात शेवटी जुळणाऱ्या दोन मिळाल्या. खाच त्याच जागी आहे ना हे डेकोरेटरने पाहिलं, नंबर ऑडिटरने तीनदा पाहिला. तिथेच जुन्याच्या जोडणीवर चालणारी एक नवी वेगवान डिस्कही मिळाली. जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवून घेता येतं, असं गाळेवाल्याने सांगितलं आणि करूनही दिलं.

संध्याकाळी म्हाताऱ्याने शिट्टी मारली नाही. पडदा उजळला, शाळेचं चिन्ह झटक्यात उघडलं. आईच्या हातात भाजीची जुडी होती, ती तशीच राहिली. तिने चिन्ह बंद करून पुन्हा उघडलं. मग अजून एकदा.

"पळतोय की," ती म्हणाली. अरे-तुरे मात्र तिने सोडलं नाही, तेव्हापासून दोघे अरेच आहेत आणि दोघांनाही ते मनातून आवडतं असं मला वाटतं.

काचेचा डबा डेकोरेटरने आपल्या ऑफिसात नेला. गिऱ्हाइकं त्याला फार नावाजतात. तो त्यावर पत्ते खेळतो.

पण एवढं झालं तरी दिवस वाया गेले ते गेलेच होते. मशीन सलग चाललं तरी बिल्ल्याच्या मागचे दोरे हाताने कापायचे राहतात. आईने दोन बारीक कात्र्या काढल्या, दोन्ही जावयांना कापायच्या टेबलाशी बसवलं आणि समोर बिल्ल्यांचा ढीग ओतला. दोघांनी आज्ञाधारकपणे माना खाली घातल्या. ती शांतता कपभर चहाइतकी टिकली.

"तुम्ही फार लांब ठेवताय दोरा, दादा."

"तुम्ही टाका कापताय. हा बघा, उसवला."

"तो तुमच्या ढिगातला आहे."

"माझे मी मोजून ठेवलेत."

मी उठायला लागले, तर आईने मशीनवरून मान न वळवता हाताने मला खाली बसवलं.

"भांडू दे गं," ती म्हणाली. "हात चालतायत ना?"