भिंगरीच्या वतीने

अंजीर.

खोकल्यासाठी शेजारच्या काकूंनी दिलेली मधाची बाटली, झाकण न उघडताच परत गेलेली.

दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी.

दुकानातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने केलेला गोल. तो गोल एक माणूस आठवडाभर येताजाता बघतोय.

तो माणूस म्हणजे चष्मेवाला. आणि त्याची गोष्ट सांगायची तर पंचेचाळिसाव्या दिवसापासून सांगावी लागेल.

त्यांच्या जैन घरात मूल जन्मलं की पंचेचाळिसाव्या दिवशी त्याला मंदिरात नेत. तिथे पंडितजी बाळाला आठ नियम देत. मद्य नाही, मांस नाही, मध नाही. शिवाय वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि अंजीर, ही पाच फळं नाहीत, कारण त्यांच्या पोटात बारीक जीव असतात. आता दीड महिन्याचं गाठोडं काय कपाळ नियम पाळणार? त्याला प्यायलेलं दूध पोटात ठेवता येत नाही! म्हणून ते आठ वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वतीने आईबापांनी पाळायचे.

त्याच्या मुलीला, भिंगरीला, मंदिरात नेलं तोवर चष्मेवाल्याने तीनदा दारू सोडली होती. एकदा आईच्या डोक्यावर हात ठेवून, एकदा मूर्तीसमोर, एकदा बायकोच्या पोटावर हात ठेवून. पहिली शपथ नऊ दिवस टिकली, दुसरी महिनाभर, तिसरी संध्याकाळपर्यंत.

चौथी टिकली. कारण ती त्याची नव्हतीच.

माणूस स्वतःच्या वस्तूंच्या बाबतीत पक्का भोंगळ. दोऱ्याने बांधलेली ती काडी त्याच्या स्वतःच्या चष्म्याची. पण गिऱ्हाइकाचा चष्मा हातात आला की तो तळहातावरच्या फोडासारखा जपायचा. सतरा वर्षांत एका काचेवर ओरखडा नाही. पंडितजींनी "मुलीच्या वतीने पाळणार ना?" विचारलं, आणि त्याला वाटलं, हे तर दुसऱ्याचं सामान. फोडायचं कसं?

पहिले चार महिने हाताचा भरवसा नव्हता, म्हणून काचा घासायच्या चाकाला त्याने हातच लावला नाही. नुसत्या काचा पुसल्या, डब्या लावल्या, बारीक स्क्रू लांबीप्रमाणे लावले, मग पुन्हा विस्कटले. बायको दुपारचा डबा स्वतः घेऊन यायची आणि जाताना टेबलाखाली वाकून बघायची. दुसऱ्या वर्षी कधीतरी वाकायची थांबली. तिने ते बोलून दाखवलं नाही, त्याने विचारलं नाही. संसारात पुष्कळसे आभार असेच मानले जातात.

आता पोरगी आठ पूर्ण करणार होती. पेन्सिलीचा गोल त्याच तारखेला. त्या दिवशी आठही नियम तिचे होणार आणि बाप मोकळा. मोकळा! हा शब्द मनात आला की तो पुसलेली काच पुन्हा पुसायला घ्यायचा.

तो पंडितजींकडे गेला.

"पंडितजी, थोडं पुढे ढकलता येतं का? पोरगी लहानखुरी आहे. अंगापिंडाने सहाचीच वाटते."

"अहो, नियम काय वजनावर द्यायचे असतात?" पंडितजी हसले. "आणि तुम्हाला कसली अडचण? तुम्ही तर सुटलात."

"तीच तर अडचण आहे."

पंडितजींचं हसू ओसरलं. "मग घ्या की स्वतःच्या नावावर."

"माझ्या नावावरचं टिकत नाही हो. तीनदा बघितलंय."

"या तर खरं त्या दिवशी," पंडितजी म्हणाले.

त्या दिवशी भिंगरी दोन घट्ट वेण्या घालून पंडितजींसमोर मांडी ठोकून बसली. मागे आजी माळ ओढत, शेजारी आई, आणि खांबाला टेकून चष्मेवाला.

"मांस?"

"सोडलं."

"मध?"

"सोडला. काकू मात्र सोडत नाहीत, सारख्या देतात."

"अंजीर?"

"मी कधी खाल्लंच नाहीये. मग सोडलं हे कळणार कसं?"

"न खाणं म्हणजेच सोडणं, बाळ."

"मग सोपं आहे."

वड, पिंपळ, उंबर, पाकर झाले. "मद्य?"

भिंगरीने मान वळवून खांबाकडे पाहिलं.

"ते बाबाकडेच राहू दे."

आजीची माळ थांबली.

"का गं?" पंडितजींनी विचारलं.

"आजी म्हणते, आठातलं तेच सगळ्यांत जड आहे. बाजारातून येताना जड पिशवी बाबाच धरतो. मी कोथिंबीर धरते."

"असं? आणि किती दिवस धरायचं त्याने?"

"मी मोठी होईपर्यंत."

"मोठी झालीस हे ठरवणार कोण?"

"बाबा."

पंडितजींनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा लावला. "हे काही शास्त्रात नीट बसत नाही," ते चष्मेवाल्याला म्हणाले, "पण मी म्हातारा झालोय, शास्त्रातलं सगळं कुठे आठवतं? तर, तुम्ही मुलीच्या वतीने..."

"घेतो!"

प्रश्न पुरा व्हायच्या आतच. इतक्या मोठ्याने की छताखाली घुमलं, आणि बायको तोंडावर हात धरून हसता हसता रडायला लागली.

बाहेर पायऱ्यांवर कोणाचे आभार मानावेत ते त्याला कळेना. पंडितजींचे मानले तर ते म्हणाले, "माझे कसले?" स्वतःच्या आईचे मानायला गेला तर ती म्हणाली, "आधी चपला नीट घाल. उलट्या घातल्यास."

"बाबा, मला उचल," भिंगरी म्हणाली.

"आठ वर्षांची घोडी झालीस आता."

"म्हणून काय झालं?"

त्याने उचलली.

त्यांच्या घरात बाळाच्या कानात पहिला णमोकार मंत्र बाप म्हणतो. भिंगरीच्या कानात तो आजीने म्हटला होता, कारण ती जन्मली त्या दिवशी बापाच्या तोंडाला वास येत होता. आठ वर्षं उशिरा, पायऱ्या उतरता उतरता, बापाने तो तिच्या कानात म्हटला.