पुढच्या भिंतीसाठी सोडलेली वीट

मी एक जुनी भाजलेली वीट आहे. एका घराच्या टोकाच्या भिंतीत मला बसवले आहे, पण पूर्ण नाही. माझा पाव भाग बाहेर उघड्यावर आहे. मित्रांनो, माझी हकीकत सांगायची तर आधी एका साध्या सकाळची सांगते. त्या सकाळी विशेष असे काहीच घडले नाही.

आमचे गवंडी अंगणात आले. ज्यांनी मला बसवले तेच या घराचे मालक. तारेच्या ब्रशने त्यांनी आमच्यावरचे शेवाळ खरवडले, वर तांब्याभर पाणी ओतले. तेवढ्यात फोन वाजला. हात ओले होते म्हणून त्यांनी तो माझ्यावरच ठेवला आणि स्पीकर लावला. दूरच्या शहरात नोकरी करणारी त्यांची लेक बोलत होती.

"जेवलात का, बाबा?"

"अगं, आत्ता कुठे उजाडलंय. चहा झाला. हात ओले आहेत, म्हणून तुला स्पीकरवर ठेवलंय. करमतं ना तिकडे?"

"हो, मजेत आहे. तुम्ही कशाला पाण्यात हात घालताय सकाळी सकाळी? आत्या ओरडेल."

"तुझी आत्या झोपेतही ओरडते. तिचं काय मनावर घ्यायचं."

ती हसली.

"बरं, ठेवते."

"ठेव."

फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो लगेच उचलला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारी राहणारी आत्या नेहमीप्रमाणे चहा घेऊन आत गेली आणि आतूनच तिने हंबरडा फोडला. थोड्या वेळाने अंगण माणसांनी भरले. गवंडी मात्र पुन्हा अंगणात आले नाहीत.

माझा जन्म नदीकाठच्या मातीतला. साच्यातून सुटून उन्हात वाळत पडले होते, तेव्हा एक कुत्रे माझ्यावरून चालत गेले. त्याच्या पंजाची खूण अजून अंगावर आहे. मग भट्टी. तिथे आम्ही हजारो जणी अंगाला अंग लावून होतो. भाजून निघालो खऱ्या, पण त्या दिवसांत एकटे वाटले असे आठवत नाही.

बांधकामाच्या आधी गवंड्यांनी आम्हाला पिंपात भिजवले. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मालातले पाणी पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो, असे ते म्हणत. थापीने माल पसरून, दोरीला धरून त्यांनी मला ठेवले आणि वरून हलकेच ठोकले. माझ्या एका बाजूला शेजारीण आली. दुसऱ्या बाजूला कोणी आले नाही. माझ्या वरची वीट आत, तिच्या वरची पुन्हा बाहेर, अशी ती कड त्यांनी थेट वरपर्यंत नेली. याला दाते सोडणे म्हणतात. पुढे कधी भिंत वाढवायची झाली, की नव्या विटा त्या खाचांत शिरतात आणि जुनी भिंत नवीला धरून ठेवते.

मग त्यांनी फाटकापासून विटांची फरसबंदी केली. पाणी साचू नये म्हणून तिला किंचित उतार दिला. तिचा एक फाटा घराच्या दाराशी गेला. दुसरा आमच्यापाशी येऊन थांबला, आणि इथे तर दारच नव्हते.

"दादा, हा रस्ता कुठे निघालाय?" आत्याने विचारले. "भिंतीवर डोकं आपटायला?"

"तुझं डोकं असेल तर भिंतीची काळजी."

आत्या हसली नाही. "लेकीच्या खोलीसाठी सोडलेत ना हे दाते? मग तिला विचार तरी."

"विचारलं तर ती हो म्हणेल. माझ्यासाठी म्हणेल. तसलं हो मला नको. करमेनासं झालं, की आपण होऊन सांगेल."

लेक सुट्टीला आली, तेव्हा तिचेही लक्ष आमच्याकडे गेले. "बाबा, हे अर्धवट का ठेवलंय?"

"विटा संपल्या."

"गवंड्याच्या घरात?"

"शिंप्याचा सदरा उसवलेलाच असतो, बाळा."

तिने हसून आपला ओला टॉवेल माझ्यावर वाळत टाकला.

वर्षे गेली. बाकीच्या भिंतीला गिलावा झाला, रंग लागला. येणारे जाणारे कामाचे कौतुक करत आणि शेवटी म्हणत, "तेवढी ती कड सोडून." दर सुट्टीच्या शेवटी लेक भरलेली बॅग घेऊन फरशीच्या या टोकाला येऊन बसे. आतून हाक आली, की चेहरा पुसून "आले, बाबा" म्हणे. ती गेल्यावर त्याच जागी गवंडी उभे राहत. दोघांच्याही मनातले मला ठाऊक होते. पण विटेला तोंड नसते.

गवंडी वारल्यावर आम्हाला कोणी खरवडले नाही. शेवाळ चढले. काही महिन्यांनी लेकीने घर भाड्याने द्यायचे ठरवले आणि दुसरा एक गवंडी बोलावला. त्याने माल कालवला आणि छिन्नी माझ्यावर टेकवली. आमचे बाहेर आलेले भाग भिंतीच्या रेषेत तोडून त्याला वर गिलावा करायचा होता.

"थांब रे जरा," म्हणत आत्या धावत आली. "हे काय चालवलंयस गं?"

"अर्धं राहिलेलं काम पुरं करतेय, आत्या. बाबांच्या विटा संपल्या होत्या ना."

"संपल्या? शेडमध्ये जा, ताडपत्री उचल. ढीगच्या ढीग आहे. तुझ्या खोलीच्या विटा आहेत त्या. ती खोली इथे जोडायची म्हणून हे दाते सोडलेत त्यानं."

लेक शेडमध्ये गेली, ताडपत्री उचलून पाहून परत आली. मग म्हणाली, "मला कधी बोलले नाहीत."

"तू बोलशील म्हणून थांबला होता."

गवंड्याने छिन्नी खाली घेतली. "ताई, माल फार वेळ टिकत नाही. तोडू की ठेवू, तेवढं सांगा."

मित्रांनो, एखाद्या भिंतीतून अशा विटा डोकावताना दिसल्या, तर त्या कामाला अर्धवट म्हणू नका. त्या घरात कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत असेल. आम्हा विटांना बोलता येत नाही. तुम्हाला येते, तर वेळेवर बोला.

लेक फरशीच्या त्या फाट्यावरून आमच्यापर्यंत चालत आली. तिने माझ्यावर हात ठेवला. ती बोलली ते आत्याशी नव्हते आणि गवंड्याशीही नव्हते.

"बाबा, मला तिकडे करमत नाही. पहिल्या दिवसापासून करमलं नाही."